हवेतली कात्री

लेकीने शिडीवर पाय रोवले, आत वळलेली फांदी बुडापासून कापली आणि खाली टाकून दिली.

"खुंट ठेवू नकोस," खाली खुर्चीवर बसलेले मुकादम म्हणाले.

"नाही ठेवला, बाबा."

शहराच्या मोठ्या बागेतली छाटणी इतकी वर्षं तिच्या वडिलांच्या शब्दावर चालली होती, की घरीदारी सगळे त्यांना मुकादमच म्हणत, बायकोसुद्धा. आता गुडघ्यांनी आणि नजरेने एकदमच राजीनामा दिला होता. गुडघ्यांचा त्यांनी मंजूर केला, नजरेचा अजून नाही. थंडी ओसरत आली होती आणि उद्यापासून बागेतलं ते काम लेक बघणार होती. हाताची तिला काळजी नव्हती, हात तयार होता. काळजी होती तोंडाची. हाताखाली येणारी निम्मी माणसं तिला लहानपणापासून ओळखत होती, आणि मोठ्या माणसाला 'चुकलात' म्हणणं तिच्या जिवावर येई.

म्हणून आज परसातल्या नाशपतीवर रंगीत तालीम. या घरची छाटणी ठरलेली होती: एकाने खालून काठीने फांदी दाखवायची, दुसऱ्याने वरून कापायची, मध्ये कुणी वाद घालायचा नाही.

"ती. डावीकडची."

लेकीने पाहिलं. फांदीभर आखूड, जाडसर कळ्या धरल्या होत्या. यंदाचा बहर बराचसा तिथेच येणार होता, आणि बाबांना तो दिसत नव्हता. तिने कात्री फांदीजवळ नेली आणि हवेतच मिटली.

"झालं," म्हणत तिने शिडीत अडकलेला जुनाच एक फाटा खाली सोडला.

पुढची फांदीही तशीच निघाली. पुन्हा हवेत कात्री, पुन्हा एक जुना फाटा. झाड वाचलं, बाबांचा मानही राहिला. आपण भलत्याच हुशार आहोत, असं तिला वाटून गेलं.

"खाली ये जरा."

ती उतरली.

"लाकूड कापताना कात्री अशी वाजत नाही," मुकादम म्हणाले. "चुकीची दाखवली का मी?"

"हो. फुलांवर आलेली होती. दोन्ही."

"मग तोंडाने सांगायचं. उद्या तुझ्या शब्दावर माणसं फांद्या कापतील. तिथे कुणाकुणाचा मान राखत बसणार आहेस?"

तिचे कान तापले. रागही आला, आणि त्याहून जास्त त्यांच्यासाठी वाईट वाटलं. ती पुन्हा शिडी चढली.

मुकादमांनी काठी उचलली. "ती. वरची."

"नाही." आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "ती राहणार."

काठी क्षणभर तशीच वर राहिली. मग त्यांनी ती मांडीवर आडवी ठेवली. झाडाबद्दल त्यांनी आजवर कुणाला काही विचारल्याचं तिला आठवत नव्हतं.

"मग कोणती?" त्यांनी विचारलं.