इलॅस्टिकने मोजलेली पृथ्वी

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. तुम्हाला वाटेल, हा शाळेतल्या कपाटावर बसून रुबाब करत असेल. छे! माझा मुक्काम शिंप्याच्या दुकानात असतो आणि डोक्यावर बहुतेक वेळा अर्धवट शिवलेली टोपी असते.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझे समुद्र निळेशार होते. शाळेत मुलांनी मला इतकं गरागरा फिरवलं, की माझा आस वाकला आणि भंगारात रवानगी झाली. तिथून शिंपीकाकांनी मला उचललं, कारण माझा घेर लहान मुलाच्या डोक्याएवढा भरला. भर समुद्रात टाचण्या टोचल्या तेव्हा वाईट वाटलं; पण धूळ पुसणारं कुणीतरी मिळालं होतं.

एके दिवशी शेजारच्या मावशी बाळाच्या टोपीसाठी कापड घेऊन आल्या. त्यांची लेक माझ्या पार पलीकडच्या अंगाला राहायची आणि तिचे दिवस भरत आले होते. जावयाने विमानाचं तिकीट पाठवलं होतं, पण मावशींचं पाऊल उचलत नव्हतं. जावई म्हणे, सबंध रात्र आणि पुढचा दिवस विमानात जाईल. रात्रभराचं असेल तर जाईन, त्याहून जास्त हवेत लटकायला मी काय वाळत घातलेली चादर आहे, असं मावशींचं म्हणणं. तिकडे लेक फोनवर रडत होती. मावशींचा विश्वास फक्त काकांच्या मापावर.

"तुम्ही मोजून सांगा," त्या म्हणाल्या.

काकांची टेप माझ्या गोल अंगावरून घसरायला लागली. मग त्यांनी टोपीचं इलॅस्टिक घेतलं, इकडच्या विमानतळापासून तिकडच्या विमानतळापर्यंत ताणलं आणि दोन्ही टोकं चिमटीत धरून माझ्या पायाशी छापलेल्या अंतराच्या पट्टीवर आणलं. आणताना ताण सोडला. मी आतल्या आत ओरडत होतो. अंतर खऱ्याच्या निम्मंच भरलं.

"रात्रभराचं काम," काका म्हणाले. "जावयाला वाढवून सांगायची सवय दिसते."

टोपी शिवून झाली आणि मावशी विमानाने गेल्या. पुढच्याच टोपीला काकांनी इलॅस्टिक ताणलं, सोडलं, आणि त्यांचा चेहरा पडला. दोरा घेऊन त्यांनी मला पुन्हा मोजलं, तर अंतर दुप्पट भरलं. मावशींच्या दाराचं कुलूप दिसलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

काही महिन्यांनी मावशी दुकानात उभ्या राहिल्या.

"रात्र सरली, उजाडलं, दोनदा जेवले, तरी विमान आपलं उडतंच आहे. शेजारच्याला विचारलं, वाट चुकलो का म्हणून."

"मापात चुकलो, ताई," काका मान खाली घालून म्हणाले.

मावशींनी पिशवीतून बाळाची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली.

"खरं सांगितलं असतंत तर मी गेलेच नसते. मी पोहोचले त्याच दिवशी नात झाली. सगळ्यात आधी माझ्या हातात दिली तिला." त्यांनी डोळे पुसले. "आता तिला टोपी लहान होतेय. मोठी शिवा, मीच घेऊन जाणार आहे. आणि अंतर मोजाल तर त्याच इलॅस्टिकनं मोजा."

तर मित्रांनो, घरात पृथ्वीगोल असेल तर त्याची धूळ पुसा, त्याला टाचण्या टोचू नका आणि अंतर दोऱ्यानेच मोजा. फक्त विचारणारीची लेक पलीकडच्या अंगाला असेल, तर आधी इलॅस्टिक कुठे ठेवलंय ते बघा.