ओळखीची खूण

नवरा हरवल्याची तक्रार द्यायला आलेली बाई रडत असते, निदान घाबरलेली तरी असते. आज आलेली अपेक्षा मात्र रडतही नव्हती आणि घाबरलेलीही नव्हती. वेणी नीट घातलेली, साडीला इस्त्री, आणि हवालदार दशरथ ढमाल्यांसमोर ती बँकेत खातं उघडायला आल्यासारखी बसली होती.

"मिस्टर कधीपासून नाहीत?" ढमाल्यांनी विचारलं.

"घरातून गेले त्याला दीड वर्ष झालं. पण हरवले परवापासून."

"म्हणजे?"

"परवा कोर्टात त्यांच्या वकिलांनी सांगितलं, दोन महिने अशिलाचा संपर्क नाही, फोन बंद, पत्ता माहीत नाही. तोवर मला वाटत होतं, फक्त मलाच टाळतायत."

"कोर्टात कसली केस?"

"घटस्फोटाची. मीच लावलीय."

ढमाल्यांनी पेन खाली ठेवलं. "मग ताई, त्यांना शोधून तुम्हाला काय करायचंय?"

"घटस्फोट झालेला नाही अजून, चालू आहे. म्हणजे आज तारखेला मी बायकोच ना? बायकोने नवऱ्याची काळजी करू नये, असं कुठे लिहिलंय का?"

तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ढमाल्यांनी फॉर्म पुढे ओढला.

काळजीबिळजी काही नव्हती, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. अपेक्षाच्या पोटात दीड वर्ष नुसती आग होती. आणि त्या आगीचं कारण एका कळशीवर वाळत असे.

अवधूतला विशीतच टक्कल पडलं होतं. लग्नानंतर आठवडाभराने त्याने तिच्यासमोर विग काढला आणि तिचा हात धरून म्हणाला, "हे कुणाला कळता कामा नये. तुझ्या आईलाही नाही." तिला टकलाचं काडीइतकंही वाईट वाटलं नव्हतं. उलट, एवढा देखणा, चारचौघांत प्लॉट विकताना फाडफाड बोलणारा माणूस आपल्यापुढे डोकं उघडं करून बसलाय, याचंच तिला कौतुक वाटलं. तिने शब्द दिला. चौदा वर्षं पाळला. दर रविवारी दुपारी अवधूत आतल्या खोलीला कडी घालून बसायचा आणि ही मागच्या गॅलरीत बादलीत शाम्पू कालवून विग धुवायची. मग तिच्या वडिलांनी स्वतः ठोकून दिलेली तांब्याची कळशी पालथी घालायची, तिच्यावर विग चढवायचा, आणि गुंता सोडवत तासभर बसायचं. हात गुंतले की तोंड मोकळं असतं. ती गुणगुणायची, कधी स्वतःशीच बोलायची. झोपताना अवधूत बाराही महिने माकडटोपी घालायचा. बाबांना सर्दीचा त्रास आहे, असं लेकीला, चिमीला, सांगून ठेवलं होतं.

एका मुंजीत विग चिकटवायची टेप सुटली. कुणाला दिसलंही नाही, पण घरी आल्यावर "तूच जुनी टेप लावलीस" म्हणत त्याने हात उचलला. तो पहिला नव्हता. पण चिमी दारात उभी होती, आणि मग अपेक्षाने ठरवलं की हा शेवटचा.

तिने केस लावली. त्यावर अवधूतने कोर्टात उत्तर दिलं, ते तिची वकील जोया हिनेसुद्धा दोनदा वाचलं. बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, असं त्यात होतं. ती कुणाचे तरी कापलेले केस कळशीवर घालून तासन्‌तास विंचरते, त्यांच्याशी बोलते. अशा बाईजवळ मुलगी सुरक्षित नाही, तिला बार्शीला माझ्या आईकडे पाठवावं. सोबत समोरच्या गॅलरीतल्या इंदुबाईंचं प्रतिज्ञापत्र: होय, मी हे माझ्या डोळ्यांनी अनेकदा पाहिलं आहे.

इंदुबाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी पाहिलं तेच लिहून दिलं होतं. खोटं होतं ते न लिहिलेलं, आणि ते दडवणारा माणूस तेच केस डोक्यावर घालून, सहीला झोकदार वळण देऊन गेला होता. चिमीला न्यायचं त्याच्या मनातही नव्हतं. दीड वर्षात त्याने तिला एक फोन केला नव्हता. अपेक्षाने घाबरून केस मागे घ्यावी, एवढ्यासाठी त्याने पोरीलाच वेठीला धरलं.

"तो विग त्यांचाच आहे, हे सांगू की कोर्टाला," अपेक्षा म्हणाली होती.

"सांगितलं ना मी! समोरचा वकील हसला. म्हणाला, बघा, आता नवऱ्याचे केसही खोटे वाटतात यांना. प्रूफ पाहिजे, ताई. त्याला कोर्टात उभा करून काढायला लावला तरच. आणि तो येतच नाही. बावीस तारखेला चिमीचा निर्णय आहे. माझ्याकडे काहीही नाहीये, सीरियसली."

अवधूत का येत नव्हता, ते अपेक्षाला पक्कं ठाऊक होतं. बायको हातची गेली तरी चालेल, पोरीचं काहीही होवो, पण चारचौघांत डोकं उघडं पडता कामा नये. मग तेच उघडं पाडायचं, असं तिने ठरवलं. शब्द दिला होता तो आपल्या माणसाला, या माणसाला नव्हे.

"वर्णन सांगा," ढमाले म्हणाले.

"वय सेहेचाळीस, रंग गव्हाळ, बांधा मध्यम."

"केस?"

"नाहीत."

ढमाल्यांनी तिने दिलेल्या फोटोकडे पाहिलं. फोटोतला माणूस दाट केसांचा, डाव्या बाजूला भांग पाडलेला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"विग आहे," अपेक्षा म्हणाली. "ओळखीची खूण लिहून घ्या. टाळूवर डाव्या बाजूला चार टाके, लहानपणी चिंचेवरून पडले होते. विग काढल्याशिवाय दिसत नाहीत. हेही लिहा."

"हे सगळं छापायचं पेपरात?"

"माणूस सापडायला हवा ना, साहेब?"

तिसऱ्या दिवशी छापून आलं. फोटोखाली स्वच्छ अक्षरांत: संपूर्ण टक्कल, विग वापरतात. अपेक्षाने ते चहा पिता पिता चार वेळा वाचलं. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. तेवढ्यावर न थांबता तिने त्याचीच पत्रकं काढली आणि कसब्यापासून पार धायरीपर्यंत, जिथे जिथे तो प्लॉट दाखवत हिंडला होता तिथे तिथे, स्वतः खळ लावून चिकटवली.

शेवटचं पत्रक तिने तालिबभाईंच्या दुकानात दिलं. कसब्यातल्या त्या चिंचोळ्या दुकानात नाटकवाल्यांच्या दाढीमिशा, टोप, रंग मिळायचे. अवधूतचा विग तिथलाच. मागे ती साक्षीसाठी विनवायला गेली होती, तेव्हा तालिबभाईंनी हात जोडले होते. "ताई, गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचं आम्ही बाहेर बोलत नाही. अब्बांच्या वेळेपासूनचा उसूल आहे."

आता त्यांनी पत्रक दोनदा वाचलं. "हरवलेत?"

"पोलिसांत नोंद आहे. खाली नंबर आहे बघा."

"मग गोष्ट वेगळी. हरवलेल्या माणसाचं सांगावंच लागतं." त्यांनी फोन उचलून चौकीचा नंबर लावला. "दर शुक्रवारी दुपारी टेप न्यायला येतात ते."

शुक्रवारी दुपारी साडेतीनला अवधूत चौकीत बाकावर बसलेला होता. टेपची पिशवी मांडीवर, चेहरा लालबुंद. ढमाल्यांनी निरोप दिला होता, ओळखणारं आणखी कुणी असेल तर घेऊन या. अपेक्षा इंदुबाईंना घेऊन आली.

"मला गं कशाला?" म्हाताऱ्या इंदुबाई वाटभर कुरकुरत होत्या.

"तुम्हाला साक्ष द्यायची सवय आहे ना, म्हणून," अपेक्षा म्हणाली.

अवधूतने तिच्याकडे पाहिलंही नाही. "लिहून घ्या, हवालदार. मी हरवलेलो नाही. धायरीला खोली घेऊन राहतोय, माझ्या मर्जीने. ही बाई वेडी आहे, हिच्या भीतीने पत्ता दिला नाही. हे आधार कार्ड. निघतो मी."

"बसा," ढमाले म्हणाले. "आधार कार्ड हरवल्याची तक्रार नाहीये, माणूस हरवल्याची आहे. फॉर्मवर ओळखीची खूण दिलीय. ती पडताळायला लागेल."

"कसली खूण? हे माझे केस आहेत!"

"हरकत नाही. मग तुम्ही ते नव्हेच. तपास चालू ठेवतो. फोटो पुन्हा छापू, या वेळी जरा मोठा."

चौकीत पंखा गरगरत होता. अवधूतने आधी दाराकडे पाहिलं, मग इंदुबाईंकडे.

"आतल्या खोलीत दाखवतो. तुम्हाला एकट्याला."

"दोन साक्षीदार लागतात. या दोघी आहेतच."

अवधूतने डोळे मिटले. दोन्ही हात कपाळाशी नेऊन टेप सोडवली, आणि विग टेबलावर ठेवला.

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं नव्हतंच. स्वतःच्या हाताने घाईघाईत टेप ओढून ओढून कडेची कातडी सोलवटली होती, दोन ठिकाणी पाणी धरलं होतं. मधोमध चार टाक्यांचा पांढरा वण. अपेक्षाचा हात सवयीने पर्सकडे गेला. खोबरेल तेलाची छोटी बाटली तिथे असायची. चौदा वर्षं असायची. तिने पर्सची चेन ओढून घट्ट बंद केली.

इंदुबाई टेबलापाशी वाकल्या होत्या. त्यांनी आपल्या सुरकुतलेल्या बोटाने विगाचा भांग चाचपला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "हेच की ते केस! कळशीवरचे!" मग त्या अवधूतकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज चिरका झाला. "मेल्या, तुझेच केस धूत होती ती! आणि माझ्याकडून काय लिहून घेतलंस तू?"

"आता सांगितलंत तेच लिहून घेऊ का, आजी?" ढमाल्यांनी विचारलं.

"घ्या! तारीख घालून घ्या. कोर्टातही येते मी. कधी आहे गं?"

"बावीसला," अपेक्षा म्हणाली. संध्याकाळी चिमीला काय सांगायचं, ते आता तिला माहीत होतं.

ढमाले लिहीत होते. अवधूत हळूच, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलला. "अपेक्षा, तू शब्द दिला होतास."

"दिला होता. चौदा वर्षं पाळलाही." ती मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "वेडीच होते मी."

जबाब झाला. इंदुबाईंनी सही केली. ढमाल्यांनी रजिस्टर अपेक्षापुढे सरकवलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: सदर इसम मिळून आला, खूण पटली, पत्नीच्या ताब्यात दिला.

"इथे सही करा, ताई."

अपेक्षाने पेन उघडलं. शेवटचे शब्द तिने एका सरळ रेघेने खोडले आणि शेजारी सही केली.

"ताब्यात नको," ती म्हणाली. "मिळाले, तेवढं पुरे."