थांबलेले चेंडू

गोल्फचा चेंडू आला तो फरशीवर पडावा तसा आपटला, उंच उडाला आणि झेंड्याला वळसा घालून मागच्या उताराकडे धावत सुटला. बगळ्याने घाई केली नाही. एक पाऊल सरकून त्याने डावा बूट आडवा धरला. चेंडू बुटाला लागून निमूट थांबला. मग टाचेने त्याला हलकेच झेंड्याजवळ सारत बगळ्याने खाली हाक दिली, "आहे."

"आहे?" टेकाडाखालून डॉक्टरांचा आवाज आला.

"आहे. झेंड्याला लागूनच."

बगळा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. उंच, हडकुळा, एका पायावर भार देऊन उभा राहायची सवय, म्हणून मैदानावर बॅगा वाहणाऱ्या बाकीच्या कॅडींनी ते ठेवलं होतं. पुढेपुढे बायकोही रागावली की तेच वापरायला लागली आणि खऱ्या नावाला गंज चढला तो चढलाच. डॉक्टरांची गोल्फची बॅग वाहण्यात त्याचे केस पांढरे झाले होते. दुसऱ्या कुणाची बॅग त्याने खांद्याला लावलेली कुणाला आठवत नव्हती.

या मैदानाची एक रीत होती. उन्हाळ्यात पाण्याची ओढ लागायची. झेंड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, म्हणजे ग्रीन, कशीबशी जगेल एवढंच पाणी तिला मिळायचं आणि खालची जमीन टणक व्हायची. त्यातून शेवटचं ग्रीन टेकाडावर, आणि त्याच्यामागे काटेरी झुडपांची घळ. तिथे गेलेला चेंडू गेलाच म्हणून समजा. म्हणून कॅडीने आधी वर जाऊन उभं राहायचं आणि चेंडू पडला की खाली सांगायचं, "आहे" किंवा "गेला". खालच्या माणसाला झेंड्याचं टोक दिसायचं आणि कॅडीची छाती. पाय दिसायचे नाहीत.

सगळं दुखणं तिथेच होतं.

डॉक्टर गळ्याचे सर्जन. गावभरच्या माणसांचे गळे त्यांनी उघडले होते आणि असे शिवले होते की वर्षभराने खूण शोधावी लागे. मग उजवा हात थरथरू लागला. त्यांनी स्वतःच सुरी खाली ठेवली, हॉस्पिटल सर्जन सुनेच्या हाती दिलं आणि घरात जे बसले ते भिंतीशीसुद्धा बोलेनात. गेल्या उन्हाळ्यात बगळ्याने हातापाया पडून त्यांना मैदानावर आणलं. त्या दिवशी शेवटच्या ग्रीनवर त्यांचा चेंडू धावत आला तो अगदी योगायोगाने बगळ्याच्या बुटावर आदळून थांबला. डॉक्टर धापा टाकत वर आले, थांबलेला चेंडू पाहिला आणि कितीतरी महिन्यांनी हसले. ते हसू बघून हा बावळट तिथेच फसला. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, पण ते त्याच्या तोंडातून निघालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पाय मुद्दाम लावला.

"कडक ग्रीनवर चेंडू थांबवायचा म्हणजे तो उंच जायला हवा आणि उलटी फिरकी घेत पडायला हवा," डॉक्टर सांगत. "मारताना मनगट केसभर हललं की खेळ खलास. पावसाळ्यात कुणाचाही थांबतो. उन्हाळ्यात थांबला तर हात शाबूत."

आजही ते तोंड पुसत वर आले, चेंडूकडे बघत म्हणाले, "तुझ्या बायकोच्या गळ्यातली गाठ मी काढणार आहे. सोमवारी."

"ताई करणार होत्या ना?"

"सून चांगलंच करते. पण आवाजाची नस गाठीला चिकटलीय. दोऱ्याएवढी असते ती. जरा धक्का लागला की आवाज गेला, कायमचा." त्यांनी बगळ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "इतकी वर्षं माझं ओझं वाहिलंस. एवढं तरी करू दे मला. हात आता ठीक आहे. तूच तर बघतोस."

खांद्यावरच्या त्या हाताची थरथर शर्टातून लागत होती. बगळ्याने वाकून चेंडू उचलला.

घरी बायको दोरीवरचे कपडे काढत होती आणि कपड्यांशीच बोलत होती. ही बाई दुधाशी बोलायची, जिन्याशी बोलायची, समोरच्या खिडकीतल्या बाईशी तर दिवसातून चारदा भांडायची. नवऱ्याचे कान किटले होते, आणि तिचा आवाज आला नाही की तो बेचैन व्हायचा, हेही तितकंच खरं.

"अहो, ऐकलंत का? डॉक्टर स्वतः करणार आहेत. फोन आला होता. मला तर आता भीतीच उरली नाही."

"ताईंनी केलं तर काय बिघडलं?"

"अहो, त्यांचा हात लागायला नशीब लागतं. तुमचं का तोंड उतरलंय?"

"तुझी बडबड बंद झाली तर मला जरा..." बगळा म्हणाला. हा त्याचा रोजचा विनोद होता. आज तो मध्येच अडकला आणि बगळा पाणी प्यायला आत निघून गेला.

शनिवारी खेळ आटपल्यावर त्याने हॉस्पिटल गाठलं. सूनबाई बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात भेटली.

"ताई, डॉक्टरांचा हात बरा आहे ना?"

तिने आधी मागे वळून पाहिलं. "घरी चहाचा कप धरताना थरथरतो, काका. मी बोलले तर म्हणतात, कपाचं सोड, कडक ग्रीनवर माझा चेंडू थांबतोय. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही तिथे असता. खरं सांगा, थांबतो?"

बगळ्याने तोंड उघडलं. तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाला डॉक्टर दिसले. अंगात पांढरा कोट होता. जाता येता नर्सेस थांबून त्यांना नमस्कार करत होत्या आणि ते प्रत्येकीची चौकशी करत ताठ मानेने पुढे येत होते. हा माणूस गेल्या वर्षी भिंतीकडे तोंड करून बसलेला होता.

"थांबतो," बगळा म्हणाला.

"मग ठीक आहे," ती म्हणाली, पण तिचा चेहरा काही सैलावला नाही. घरी जाताना रस्ताभर त्याने स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या.

रविवारी वाऱ्याचं नाव नव्हतं. ग्रीनचा रंग करडा पडला होता. बगळा नेहमीच्या जागी उभा राहिला. खाली फटक्याचा आवाज झाला. चेंडू आला, आपटला, उडाला आणि त्याच्याच रोखाने धावू लागला. डावा पाय सवयीने पुढे गेलाच होता. बगळ्याने तो मागे ओढला आणि दोन्ही पाय जुळवून उभा राहिला. चेंडू बुटाजवळून गेला आणि काट्यांत खडखडत खाली उतरला.

"आहे?"

बगळ्याने काट्यांकडे पाहिलं.

"अरे, आहे का?"

"गेला."

दुसरा आला. "गेला," बगळा म्हणाला. तिसरा आला तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले, पण कान काही मिटता येत नाहीत. "गेला, डॉक्टर."

बऱ्याच वेळाने डॉक्टर टेकाड चढून आले. त्यांनी खिशातून एक चेंडू काढून नुसता हातातून सोडला. तो टणकन गुडघ्यापर्यंत उडाला आणि लोळत निघाला.

"आज जास्त कडक आहे का?"

"नाही. रोजच्याइतकंच."

"मग कालचा कसा थांबला?"

"मी थांबवला."

"परवाचा?"

"तोही मीच. पहिला तेवढा आपोआप पायाला लागला होता. नंतरचे सगळे मी." बगळा म्हणाला. "तुम्ही हसलात हो, डॉक्टर."

"उद्या सकाळी मी तिचा गळा उघडणार होतो."

"म्हणून तर आज..."

"आज," डॉक्टर म्हणाले. "काल सुनेने तुला विचारलं होतं. मला सांगितलं तिने."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसायला गेले आणि तसाच खिशात टाकला.

"उद्या सूनच करेल. मी बोलतो तिच्याशी. तिचा हात चांगला आहे, काळजी करू नकोस." मग म्हणाले, "आणि तू आता इथे येऊ नकोस."

"बरं," बगळा म्हणाला.

त्याने खांद्यावरची बॅग उतरवली. डॉक्टरांनी उजवा हात पुढे केला. बॅग मागताहेत असं वाटून बगळ्याने पट्टा पुढे केला, पण त्यांनी तो धरला नाही. ते हात दाखवत होते. भर उन्हात, तळवा वर करून. बगळ्याने बॅग खाली ठेवली आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. आत तो थरथरतच राहिला.