खुंटीवरचा लाल बिल्ला

मी एक जुनी फळी आहे. खुंट्या मारलेली, एका कोपऱ्यात वाळवी लागलेली. मित्रांनो, नाकं मुरडू नका. कलकत्त्याच्या एका संगणक केंद्रात माझ्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं.

हावड्याच्या सुताराने मला घडवलं, कालिंदीबाईंनी कामाला लावलं. तेव्हा संगणक अख्खी खोली व्यापायचा. नवी मेमरी बांधण्याआधी ती कशी चालेल हे बघायला बाई तिची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहीत होत्या. मेमरीकडे काही मागितलं की माझ्या खुंटीवर बिल्ला लागे, लाल बाजू वर: मागणी गेली, उत्तर यायचंय. उत्तर आलं की तो उलटून पांढरा करायचा. उत्तरं मागणीच्या क्रमाने येत नसत, म्हणून तर मी हवी होते. या नकलेची थोडी मजल बाई हाताने मारत, थोडी संध्याकाळच्या पाळीतला मनोहर. मग माझ्याकडे बघून यंत्रासाठी भोकांची कार्डं पंच करायची आणि तिथून पुढची मजल यंत्राने मारायची, असं ठरलं होतं.

यंत्रावरची पाळी एकदाच मिळाली, तीही कामाला मंजुरी देणारे दिल्लीचे पाहुणे येणार त्या दिवशी. "फसलं तर काम बंद," केंद्राचे प्रमुख श्यामकांत साहेबांनी बजावलं होतं. या साहेबांना टापटिपीचं भारी वेड.

त्या सकाळी बराकपूरची गाडी अडकली, बाईंना उशीर झाला. साहेब माझ्यापुढे उभे राहिले. "केवढं हे लाल! पाहुणे म्हणतील, काम तुंबलंय." आणि शीळ घालत त्यांनी सगळे बिल्ले पांढरे केले. मला तोंड असतं तर बोंबलले असते!

बाई धापा टाकत आल्या. मनोहरने उत्तरं मांडली असतील असं धरून त्यांनी कार्डं पंच केली. यंत्र चाललं, उत्तरं येऊ लागली. पण त्याच्या लेखी कुणी काही मागितलंच नव्हतं, मग द्यायची कुणाला? यंत्र थांबलं. पाहुणे चहा पिऊन निघून गेले.

"बाई, घोळ घातलात," साहेब म्हणाले.

संध्याकाळी मनोहर पाळीवर येताच बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मनोहर, हे तू उलटलेस?"

"छे हो, मी लालच ठेवून गेलो."

"मी जरा नीट लावलं," साहेब म्हणाले. "त्यात काय एवढं?"

"न आलेलं उत्तर आलं म्हणून दाखवलंत, साहेब. तेवढं दिल्लीला कळवा."

"अहो, रंगीत बिल्ल्यांची भांडणं दिल्लीला कळवू?"

नाही कळवलं. भेकड माणूस! काम बंद पडलं. बाईंनी पुन्हा पाळी मागितली आणि जाताना माझ्यावर एक बिल्ला लावला, लाल बाजू वर. "माझं उत्तर आलं की उलट रे, मनोहर."

बाईंचं उत्तर काही आलं नाही; मनोहरची बदली झाली, साहेबांना बढती. मी मोडक्या खुर्च्यांमागे पडले.

मित्रांनो, 'नाही' म्हणायचं तर तोंडावर म्हणा, तेही उत्तरच. पण न दिलेलं उत्तर दिलं म्हणून मिरवू नका. आजही कुणी आवराआवर करायला आलं की मी धास्तावते. माझं काय करायचं ते करा. हा एक बिल्ला तेवढा लाल राहू द्या.