काचेवरचा डिंक

सरुबाईला फोटो हवा होता तो सासूसाठी. अठ्ठ्याऐंशी साली तिचा नवरा कारभारी सिल्वासाला गेला, वारला, तेव्हा अमळनेरजवळच्या गावी तार पोचायला तीन दिवस लागले. सासू आक्काबाई तिथे येईपर्यंत लेकाची राख झाली होती. त्याआधी चार वर्षं तिने त्याला पाहिलं नव्हतं, आणि अखेरचं तोंडही तिच्या नशिबी नव्हतं. "वर्षश्राद्धाला या, तुमच्यासाठी मोठा फोटो करून ठेवते," असा शब्द सरुबाईने तिला दिला होता.

घरात फोटो एकच, कंपनीच्या पासासाठी काढलेला, अंगठ्याएवढा. तो मरायच्या दीड महिना आधी काढला होता. बस स्टँडजवळच्या स्टुडिओवाल्याने तो मोठा केला आणि त्यावर हाताने रंग भरले. मेलेल्या माणसाला कोट चढवायची या लोकांना भारी हौस. जन्मभर खाकी शर्टात वावरलेल्या कारभारीला त्याने निळा कोट घातला, गाल भरले, ओठ गुलाबी केले. सरुबाईला मात्र तो आवडला. माणूस सुखात असल्यासारखा दिसत होता.

घोळ केला तो चिठ्ठीने. गिऱ्हाइकाचं नाव लिहिलेली चिठ्ठी त्या शहाण्याने काचेवरच चिकटवली, तीही नेमकी तोंडावर. कागद सोलून निघाला, डिंक काही निघेना. सरुबाईने नखाने खरवडलं, गरम पाणी लावलं, राखेने घासलं. घासावं तसा तो पसरला, आणि दारापुढून सायली गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची सगळी धूळ त्यावर येऊन बसली.

श्राद्धाच्या आदल्या दुपारी आक्काबाई आली. पाणीसुद्धा न पिता तिने फोटो मांडीवर घेतला आणि लेकाच्या तोंडावरून हात फिरवला. बोटं चिकटली.

"हाई काय शे व सरू? मना पोऱ्याना तोंडले काय लागनं?"

सरुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धाकटा दीर समाधान शेजारच्याच खोलीत राहायचा, रंगाच्या कारखान्यात कामाला होता. तिथली माणसं हातापायांपासून स्टोव्हपर्यंत सगळं थिनरनेच पुसायची. प्रत्येकाच्या घरी एक बाटली असायचीच. समाधान ती घेऊन आला.

"आना वहिनी इकडे. थिनरपुढे कोनताच डाग टिकत नही. दोन मिनिटनं काम."

चिंधी भिजवून पुसायचं सोडून पठ्ठ्याने फ्रेम आडवी ठेवली आणि कारखान्यातल्या सवयीने बाटलीच वाकडी केली. डिंक विरघळला, काच लख्ख झाली. फ्रेम उभी करून तो आईला दाखवतो न दाखवतो, तोच सरुबाई ओरडली. थिनर चौकटीच्या फटीतून आत उतरलं होतं आणि निळा कोट खाली ओघळत होता.

समाधान घाबरला. मागचे खिळे उपटून त्याने फोटो बाहेर काढला आणि टिपायला म्हणून चिंधी फिरवली. एका फटक्यात कोट गेला, दुसऱ्यात गाल. "थांबा भाऊजी, थांबा!" म्हणत सरुबाईने त्याचा हात धरला, तोवर सगळा रंग चिंधीत आला होता.

रंगाखाली पासावरचा फोटो तसाच होता, करडा आणि कोरडा. फक्त आता तो हातभर मोठा होता. गालांत खड्डे पडलेले. डोळे आत गेलेले. कॉलरमध्ये अशा दोन माना मावल्या असत्या.

सरुबाई बघतच राहिली. हा माणूस रोज तिच्यासमोर जेवायला बसायचा. खोकला आला की "धुळीनं होतंय" म्हणायचा. ती हळद घालून दूध द्यायची आणि कामाला लागायची. ताटात अर्धी भाकरी उरायची, ती झाकून ठेवायची आणि सकाळी स्वतः खायची. रोज बघणाऱ्या तिच्या डोळ्यांना काहीच दिसलं नव्हतं.

"माय, चुकलं मनं," समाधान रडवेला होऊन म्हणाला. "उद्या दुसरा करी आनसू."

आक्काबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ओला फोटो दोन्ही हातांनी उचलून ती दारातल्या उजेडात गेली. मग सुनेकडे वळली. आवाजात राग नव्हता, आणि तेच सरुबाईला सोसवेना.

"इतला सुकी गयथा का व मना कारभारी? तो जेवे नही का?"

"जेवायचे, आत्याबाई," सरुबाई म्हणाली, आणि आपण खोटं बोललो हे तिचं तिलाच उमजलं.