तळाची शिवण

पुढच्या खोलीत एके काळी चार टीव्ही होते. आता तिथे खोकी होती, जमिनीपासून पार छताला टेकलेली. खिडकी त्यांच्यामागे कुठेतरी होती.

टीव्ही होते तेव्हा त्या खोलीत दिवसभर गोंगाट असे. मावशीच्या नवऱ्याने, म्हणजे काकांनी, गेमची यंत्रं आणली होती आणि गल्लीतली पोरं अर्ध्या अर्ध्या तासाच्या बोलीवर येऊन खेळत. बटणांची टकटक, 'आता माझी पाळी' म्हणून हमरीतुमरी, कॅसेट अडकली की गाल फुगवून तिच्या पोटात फुंकर घालणारे चेहरे, आणि या सगळ्यावर काकांचा आवाज, "चला राजे, वेळ संपली, गादी सोडा!" मावशी खेळण्यांच्या कारखान्यातून दमूनभागून यायची, तरी चप्पल काढता काढता दारात उभी राहून ते बघायची. तिच्या बहिणीचा मुलगा त्या पोरांत सगळ्यात लहान. त्याला खेळता काही येत नसे, नुसता बटणं बडवायचा. म्हणून त्याचं नाव पडलं बटण्या. बहीण गेली तेव्हा मावशीचा हात धरून एवढंच म्हणाली होती, "याला सांभाळ." मावशीने सांभाळला. आता त्याच्या दाढीत पांढरे केस आले होते, तरी तो बटण्याच होता, आणि ही खोकी त्याची होती.

खोक्यांत तीच जुनी यंत्रं होती. तीच म्हणजे दिसायला तीच, पण तळहातावर मावतील एवढी. गेम सगळे आतच भरलेले. कॅसेट घालायचं झाकण नुसतं शोभेला, ते उघडतच नसे. हा माल एकदाच काढू, पुन्हा नाही, असं कंपनीने जाहीर केलं आणि भल्याभल्यांना वेड लागलं. दुकानं उघडायच्या आधी रांगा, उघडल्यावर धक्काबुक्की, आणि जेवणवेळेपर्यंत दारावर 'माल संपला'ची पाटी. बटण्याने याच्या पाया पडून, त्याला दम भरून, ओळखीपाळखीतून, हातोहात फिरलेला असा मिळेल तिथून माल उचलला आणि मावशीच्या घरात रचला.

"विकत का नाहीस रे?" ती विचारायची.

"पिकू देतोय."

"केळी आहेत का ती?"

"केळी पिकली की सडतात, मावशी. हा माल नुसता पिकतच जातो."

"आणि काकांसाठी एक काढून ठेवणार होतास, त्याचं काय झालं?"

यावर तो नेहमी मान खाजवायचा. "अगं, प्लास्टिक फाडलं की संपलं. सील आहे तोवर सोनं. आत काय आहे ते बघायचंय कुणाला?"

त्याचं हे बोलणं मावशीला कधी आवडलं नाही. तिचा सारा जन्म कारखान्याच्या पॅकिंग खात्यात गेला होता. आत काय आहे ते बघितल्याशिवाय खोकं बंद करायचं नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं.

काका आतल्या खोलीत पडून असत. झटका आल्यापासून त्यांचं बोलणं तुटलं होतं. माणसं ओळखीची व्हायची, पुन्हा परकी व्हायची. कधी मावशीलाच विचारत, "तुमची पाळी आहे का?" पण अंगठे तेवढे शाबूत होते. पांघरुणावर ते हलत राहत, डावा पुढेमागे सरके आणि उजवा ठोके देई. मावशीला कळायचं की ते पुलाच्या गेममध्ये आहेत. ससा पळतो, मागून पुलाच्या फळ्या एकेक करून कोसळत येतात, थांबलात की गेलात. अंगठे थांबले की काका पुटपुटत, "पडला ससा." आणि डोळे मिटून घेत. असं हल्ली फार वेळा व्हायला लागलं होतं.

त्यातच सगळ्या मालाला एक गिऱ्हाईक लागलं. धंद्यातली माणसं त्याला हळूशेठ म्हणत. तो इतका हळू बोलायचा की ऐकायला पुढे वाकावं लागे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने त्याला मागे जुनंच यंत्र घासूनपुसून नवं म्हणून खपवलं होतं. हळूशेठ ओरडला नाही, पोलिसांत गेला नाही. फक्त त्यानंतर त्या दुकानाचं शटर पुन्हा वर गेलं नाही. दुकानदार मावशीला दवाखान्यात भेटला होता, उजवा हात गळ्यात बांधलेला. "जिन्यावरून पडलो," म्हणाला. त्याच्या घराला जिना नव्हता.

"असल्या माणसाशी व्यवहार कशाला?" मावशी म्हणाली.

"माल चोख असला की तो देवमाणूस आहे," बटण्या म्हणाला. "आणि आपला माल चोख आहे."

पुढच्या आठवड्यात खोकी जाणार असं ठरलं. गेली की गेलीच. मावशीच्या मनाने घेतलं की ही शेवटची संधी. एक यंत्र काढायचं, काकांना दुपारभर खेळू द्यायचं, आणि पुन्हा होतं तसं बंद करून जागच्या जागी ठेवायचं. बटण्याला कळायचं कारण नाही, आणि यंत्राचं तरी त्यात काय झिजणार होतं?

बटण्या सकाळी स्कूटर काढून गेला तसं तिने रांगेतलं हाताला आलं ते खोकं उचललं आणि इस्त्री गरम केली. प्लास्टिकची शिवण खोक्याच्या तळाशी असते. तिच्यावर कापड टाकून इस्त्रीची नुसती ऊब दाखवायची, शिवण सैल झाली की पातळ पातं सरकवायचं. मग ते प्लास्टिक पायातला मोजा निघावा तसं निघून येतं. खात्यात चुकीचा माल भरला गेला की असंच काढत. इतकी वर्षं झाली, पण हात काही विसरले नव्हते. तिला उगाच बरं वाटलं, गाणं गुणगुणावंसं वाटलं.

मग बोटाला शिवणीखाली एक जाडसर कड लागली.

ती थांबली. चष्मा लावून बघितलं. कडेचं टोक डावीकडे मुडपलेलं होतं. पॅकिंगच्या यंत्रावर बंद झालेल्या खोक्याला असं टोक नसतं, ते हाताने बंद केलेल्याला असतं. आणि डावीकडे मुडपायची रीत तिच्या खात्याची होती. हे खोकं आधी कुणीतरी उघडलं होतं, तिच्याच पद्धतीने, तिच्याच हाताखालच्या किंवा शेजारच्या कुणीतरी.

आत स्पंज होता. स्पंजात, नेमक्या वजनाची कापून बसवलेली, फरशी.

मावशीने ती बाहेर काढून हातात धरली. मोरीत लावतात तसली, राखाडी, एका बाजूला चुना लागलेली. आतल्या खोलीतून काकांनी विचारलं, "लागला का गेम?"

"लावते हं," ती म्हणाली.

खाली स्कूटर वाजली.

आता जे झालं त्यात तिचं डोकं नव्हतं, हात होते. खात्यात उघडं खोकं टेबलावर दिसलेलं मुकादमबाईला खपत नसे. उघडलं की भरा, भरलं की शिवा, शिवलं की रांगेत. बाकी विचार नंतर. फरशी स्पंजात गेली, झाकण बसलं, प्लास्टिक चढलं, तळावर कापड, कापडावर इस्त्री, टोक डावीकडे. बटण्याची पावलं दाराशी येईपर्यंत खोकं रांगेत जाऊन बसलं होतं, आणि शिवण अशी बेमालूम झाली होती की मुकादमबाईने पाठ थोपटली असती.

बटण्या कानाला फोन लावूनच आत आला. "हो शेठ. आत्ताच? या ना, या. घर आपलंच आहे." फोन ठेवला आणि बाह्या सावरल्या. "मावशी, तो आजच येतोय! गल्लीच्या तोंडाशी आहे!" आणि बघता बघता त्याने रांगा मोडायला सुरुवात केली. वरची खोकी खाली, खालची वर, मागची दाराशी. मावशी तोंड उघडायची आणि मिटायची. चोरी केल्यासारखं झालं होतं. लहानपणी याच पोराला डब्यातला खाऊ न विचारता घेतला म्हणून तिने कोपऱ्यात उभं केलं होतं.

शेवटी ती बोलली. "बटण्या, यातल्या एका खोक्यात फरशी आहे."

तो हसला. "आणि दुसऱ्यात सिमेंट?"

"चेष्टा नाही. मी काकांसाठी एक उघडलं होतं. आत फरशी निघाली. कुणीतरी आधीच बदललंय."

त्याच्या हातातलं खोकं तसंच राहिलं. "कुठलं?"

मावशीने खोक्यांकडे पाहिलं. सगळी सारखी होती.

"कुठलं, मावशी?"

"मी पुन्हा बंद केलं. रांगेत ठेवलं. तू रांगा मोडल्यास."

"मग शिवण बघून ओळख ना!"

"बघितली की. टोक मुडपलंय का ते बोटाला आतून लागतं, बाहेरून दिसत नाही. बाहेरून मी..." तिने आपल्या बोटांकडे पाहिलं. "मी नीट शिवलं रे."

बटण्याने हातातलं खोकं खाली ठेवलं. मग एकेक खोकं उचलून हलवू लागला, कानाशी लावू लागला. मावशीला माहीत होतं, त्यातून काही कळणार नाही. ज्याने फरशी कापली त्याने तेवढी अक्कल नक्की चालवली होती.

"त्याला आत्ताच सांगून टाकू," ती म्हणाली. "आपण फसलो म्हणून सांगू."

"आणि तो मानेल? कोपऱ्यावरचा नव्हता का सांगत, मला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं?"

घंटी वाजली.

हळूशेठ दोन हमाल घेऊन आला होता. त्याने दारात बूट काढून नीट जोडून ठेवले, मावशीला वाकून नमस्कार केला, पाणी मागितलं आणि पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला. पाणी पिऊन झाल्यावर त्याने हवा हुंगली.

"तुमची इस्त्री चालू राहिलीय, मावशी," तो म्हणाला. ऐकायला तिला पुढे वाकावं लागलं. "प्लास्टिक गरम झाल्यासारखा वास येतोय."

"कपड्यांना इस्त्री करत होते," मावशी म्हणाली.

त्याने खोलीभर नजर फिरवली. कपडा एकही नव्हता. एक रुमालाएवढं कापड तेवढं इस्त्रीशेजारी पडलं होतं. त्याने ते पाहिलं.

"माझी एक सवय आहे," तो बटण्याला म्हणाला. "घेताना एक उघडतो. मला वाटेल ते. आणि विकताना गिऱ्हाईकाला एक उघडू देतो, त्याला वाटेल ते. मनात किंतू नको."

त्याचं बोट खोक्यांवरून सावकाश फिरलं. बटण्याच्या कपाळावरून घाम ओघळून भुवईत अडकला होता, आणि तो पुसायची त्याला सोय नव्हती. बोट एका खोक्यावर थांबलं, पुढे गेलं, परत आलं. मावशीने बहिणीची आठवण काढली. हळूशेठने खिशातून छोटी सुरी काढून प्लास्टिकला लावली.

आत यंत्र होतं. इवलंसं, राखाडी, शोभेच्या झाकणासकट.

"छान," हळूशेठ म्हणाला. हमालांनी खोकी उचलायला सुरुवात केली. खोली रिकामी होत गेली, भिंतीवर टीव्हींचे जुने चौकोनी डाग दिसू लागले, आणि मग खिडकी. शेवटचं खोकं गेल्यावर त्याने बूट घातले. उघडलेलं यंत्र त्याने मावशीच्या हातात दिलं. "हे मला काय कामाचं? आत कुणीतरी आजारी आहे ना? त्यांना द्या." दारातून तो वळला. "इस्त्री बंद करा. विसराल."

तो गेल्यावर बटण्या भिंतीला टेकून हसू लागला. हसता हसता खोकला. "वाचलो, मावशी! नाहीच सापडलं त्याला!"

मावशी हसली नाही. तिच्याकडे बघता बघता त्याचंही हसू विरलं.

"ते त्याच्याबरोबर गेलं, नाही का?" तो म्हणाला.

"हो."

"कदाचित कुणी उघडणारच नाही. ही माणसं उघडत नाहीत. कपाटात ठेवतात, वर्षानुवर्षं."

"तो उघडू देतो. म्हणाला ना आत्ताच."

बटण्याने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, "फरशी आपण घातली नाही, मावशी."

"नाही घातली. पण वास माझ्या इस्त्रीचा होता."

आतून काकांनी हाक मारली, "वेळ झाली का?"

मावशीने यंत्र आतल्या टीव्हीला जोडलं. पडदा उजळला आणि तो जुना सूर वाजला, तोच, बारीक, गळा बसलेल्या पिपाणीचा. काकांनी बटणांवर अंगठे ठेवले. क्षणभर त्यांनी मावशीकडे पाहिलं, आणि त्यांना ती ओळखू आली. "अगं, तू कधी आलीस कामावरून?" ते म्हणाले. "बस ना." याच्यासाठीच तिने इस्त्री गरम केली होती. ती त्यांच्याजवळ बसली, पण तिला पडद्याकडे बघवेना. ससा पळत होता, मागून फळ्या पडत होत्या, आणि काका एकदाही चुकत नव्हते.

तिने हळूच खुर्ची फिरवली. दारातून पुढची रिकामी खोली दिसत होती, तिच्या पलीकडे खिडकी, आणि खिडकीतून सगळी गल्ली, पार कोपऱ्यावरच्या बंद शटरपर्यंत. बटण्या आधीच तिथे जाऊन उभा होता, खिडकीच्या पडद्याच्या आडोशाने, कोण येतंय ते बघत.