योकोहामाला गेलेली वायरची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे, वायरची. हिरवी आणि पिवळी. पिवळा रंग आता ओळखू येत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते. लोणी काळभोरच्या वेणूबाईंनी मला ओसरीवर बसून विणलं. गल्लीतल्या बायका माझी वीण बघायला यायच्या, तेव्हा मी जरा फुगूनच बसायचे.

वेणूबाईंचा चेतन शिकायला पुण्यात, शनिवार पेठेत खोली घेऊन राहिला. दर रविवारी वेणूबाई मला घेऊन बसने त्याच्याकडे जायच्या. माझ्या पोटात भाकरी-चटणी असायची. एकदा मित्रांसमोर चेतन बोलून गेला, "डबा हितं हाय." अनिरुद्ध नावाचा मित्र म्हणाला, "हाय? कुठे लागलं का रे?" सगळे हसले. चेतनही हसला, पण त्या दिवसापासून तो शब्द त्याने टाकला. तो 'आहे' म्हणू लागला, अगदी छापल्यासारखं.

पुढे कॉम्प्युटरचे दिवस आले. चेतनला नोकरी लागली, वारज्यात फ्लॅट झाला आणि कंपनीने त्याला जपानला, योकोहामाला पाठवलं. त्याने आईला महिनाभर बोलावून घेतलं. पोराची आईवर माया होती, हे मी नाकारणार नाही.

एका सुट्टीला बंदर बघायला जायचं ठरलं. अनिरुद्धही त्याच कंपनीत होता. तो आणि त्याची बायको कल्याणी बरोबर येणार होते. निघताना चेतन हळूच म्हणाला, "आई, त्यांच्यासमोर ते हाय-न्हाई नको. त्यापेक्षा फार बोलूच नकोस. आणि ही पिशवी कशाला?"

"दशम्या हायत तिच्यात," वेणूबाई म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली.

बंदर सुरेख होतं. लाल विटांची जुनी गोदामं, शिडाचं पांढरं जहाज, मान दुखेपर्यंत वर बघावं लागेल असा फिरता पाळणा. वेणूबाई समुद्र पहिल्यांदाच बघत होत्या. काही विचारावंसं वाटलं की त्या माझे बंद घट्ट आवळायच्या. दिवसभर त्यांनी मला आवळून आवळून बेजार केलं. कल्याणीने विचारलं, "काकू, आवडलं का?" तेव्हाही त्यांनी नुसती मान हलवली.

दुपारी धक्क्यावरच्या गर्दीत माझा एक बंद तुटला. दशम्या, चटणीची डबी, पाण्याची बाटली, सगळं घरंगळलं. वेणूबाई खाली बसून गोळा करू लागल्या. बाकीचे गप्पा मारत पुढे चालले होते. एक हाक पुरली असती. त्यांनी तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. त्या मिटलेल्या तोंडाचं मला फार वाईट वाटलं. त्यांनी मान वर केली तेव्हा ओळखीचं कुणीच दिसेना.

एक पोलीस आला आणि काहीतरी विचारू लागला. वेणूबाई म्हणाल्या, "माझा ल्योक म्होरं गेलाय. चेतन नाव हाय त्येचं."

"हाय," पोलीस मान लववून म्हणाला.

वेणूबाई बघतच राहिल्या. "लई हुशार हाय."

"हाय, हाय."

जपानीत 'हाय' म्हणजे 'हो', हे आम्हा दोघींना कुठलं ठाऊक! परमुलखात गावाकडचं माणूस भेटल्यासारखं झालं. सकाळपासून गिळलेलं सगळं त्यांनी त्याला सांगून टाकलं. एवढं पाणी खारं कशानं झालं, त्या पाळण्यात भोवळ येत नसेल का, पोरगं वाळलंय किती. तो माझा तुटलेला बंद दोरीने बांधत होता आणि मध्येमध्ये 'हाय' म्हणत होता.

इतक्यात चेतन धावत आला. भीतीने पांढराफटक पडला होता. "हाक मारता येत नाही का?" तो आईवर ओरडला. मग पोलिसापुढे वाकवाकून "हाय, हाय, हाय" करू लागला.

वेणूबाईंना हसू फुटलं. "बघ की! हितं समदेच हाय म्हनत्यात. आन् तू बी!"

मागून आलेला अनिरुद्ध म्हणाला, "काकू, तुमचं जपानी घरचंच आहे. चेतनने उगाच क्लास लावला."

कल्याणी हसली, वेणूबाईही हसल्या. चेतनचे कान लाल झाले. परतताना गाडीत तो खालच्या आवाजात म्हणाला, "शोभा केलीस आज माझी."

घरी आल्यावर मला खुंटीला अडकवताना वेणूबाई पुटपुटत होत्या, "आहे. आहे. आहे." दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "चेतन, चहा तयार आहे." चेतन खूश झाला. आईला पटलं, असं त्याला वाटलं.

त्याला बरीच वर्षं झाली. चेतन आता वारज्यात असतो आणि वेणूबाई लोणीत. बाजाराला पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या जातात. मी फोनशेजारच्या खिळ्यावर धूळ खात असते. शेजारच्या प्रेमलाशी, शेळीशी, माझ्याशी वेणूबाई पूर्वीसारख्याच बोलतात. लेकाचा फोन आला की मात्र पदर सावरून बसतात, आणि परक्या पाहुण्याशी बोलावं तसं बोलतात.

मित्रांनो, तुटलेला बंद फेकू नका, तो बांधता येतो. माझा तर एका परक्या माणसाने बांधला आणि तो अजून टिकून आहे. आणि आपल्या माणसाला चारचौघांत गप्प करू नका. तिथे जे तुटतं ते कसं बांधायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

गेल्या रविवारी चेतनचा फोन आला. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आई, कशी आहेस?"

"मी बरी आहे. तू कसा आहेस?"

पलीकडून तो हळूच म्हणाला, "आई, असं काय गं? नीट बोल ना माझ्याशी."

वेणूबाईंनी माझ्या दोरीच्या गाठीवरून बोट फिरवलं.

"नीटच तर बोलते आहे," त्या म्हणाल्या.